केवलगिरी नावाचं शहर

"हे गाव कुठलं?" केवलगिरीबाबांनी विचारलं.

भालचंद्र दचकला. मठाच्या मागच्या पडवीत, भिंतीला पाठ लावून तो मोबाइलवर वाकला होता. दुपारची पंगत उठून तास झाला होता. या वेळी बाबा आडवे झालेले असतात, म्हणून तो निर्धास्त होता. ते येऊन शेजारी कधी उभे राहिले, त्याला कळलंच नाही.

"कुठलंच नाही," तो म्हणाला. "खेळ आहे."

"दाखव."

दाखवण्यासारखं त्यात फारसं नव्हतं. आपण वादळ व्हायचं. बोट फिरेल तसं वादळ फिरतं. आधी पत्रे उडतात, मग झाडं, मग घरं. जितकं गिळावं तितकं वादळ फुगत जातं आणि शेवटी अख्खं शहर उचलून नेतं. नखाएवढी माणसं किंचाळत इकडेतिकडे पळतात आणि नाहीशी होतात. मग घंटी वाजते, रंगीत कागद उधळतात, नवं शहर समोर येतं.

बाबा खाली बसले. मांडी घालून, नीट लक्ष देऊन त्यांनी एक शहर जाताना पाहिलं.

"आवडतं तुला?"

भालचंद्राच्या कपाळावरची शीर उठली. पण आवाज त्याने चढू दिला नाही. सोळा वर्षं मठात काढली होती त्याने, आणि आवाज न चढवणं हीच त्याची कमाई होती. खाडीपलीकडच्या दाभेवाडीचा हा खारवी, दर्यावर्दी घरातला, पंचविशीत इथे आला तेव्हा भांडखोर म्हणून ओळखला जायचा. आता लोक आपल्या पोरांना त्याचं उदाहरण देत. दोन वर्षांपूर्वीच्या वादळात त्याची आई घराखाली सापडून गेली, तेव्हाही तेरा दिवस उरकून तो गुपचूप मठात परतला होता. बाबांना भेटायला येणारी माणसं त्याच्याकडे बोट दाखवून म्हणत, असा शिष्य मिळायला भाग्य लागतं.

त्याला ते ऐकायला आवडायचं. ऐकल्यावर रात्रभर दात आवळून पडून राहायचा, तेही तितकंच खरं.

त्याने बाबांना शांतपणे समजावलं. यात कुणाचं काही जात नाही. नुसती चित्रं आहेत. डोकं तापलं की पाच मिनिटं खेळायचं, डोकं थंड होतं. माणसांच्या अंगावर जाण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

"खरं आहे," बाबा म्हणाले. "डोकं तापतं कशानं?"

भालचंद्राने नवं शहर सुरू केलं.

बाबांनी फोन हातात घेतला. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. अंगठा कुठेतरी लागला आणि आतापर्यंत पाडलेल्या शहरांची यादी उघडली. या खेळात शहराला आपल्या मनाचं नाव देता येत असे. भालचंद्राने फोन ओढून घ्यायला हात पुढे केला, पण तोवर बाबा वाचू लागले होते. एकेक अक्षर लावत, ओठ हलवत.

पहिली नावं होती वादळानंतर आठ दिवसांनी मदत घेऊन आलेल्या साहेबाची, आईचं छप्पर शाकारायचं राहून गेलेल्या चुलतभावाची. त्याखाली एकच नाव होतं. केवलगिरी. केवलगिरी. केवलगिरी. बाबांनी बोटाने यादी वर सरकवली. नाव संपत नव्हतं.

त्यांनी फोन दोघांच्या मधे जमिनीवर ठेवला.

"रोज पाडतोस?"

"रोज."

"पडतं?"

"पडतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं असतं."

"मग तो दुसराच कुणीतरी असेल," बाबा म्हणाले. "मी तर इथे बसलोय."

भालचंद्र उठून उभा राहिला.

मग सगळं बाहेर आलं. त्या वादळाच्या दिवशी सकाळी आभाळ काळंनिळं झालं होतं. खाडी अजून ओलांडता येत होती. होडी धक्क्याला होती, वल्हं त्याच्या हातात होतं. आई म्हातारी आहे, घर जुनं आहे, तिला घेऊन येतो, एवढंच त्याने विचारलं होतं. बाबा म्हणाले होते, थांब, देव तिथेही आहे. तो थांबला. गुरूचा शब्द म्हणून थांबला. दुपारी वादळ आलं, आणि संध्याकाळी तो पलीकडे पोहोचला तेव्हा शेजारीपाजारी चिरे उपसत होते.

"दोन तास जिवंत होती ती," भालचंद्र म्हणाला. "वाशाखाली. शेजारच्या सुलोचनाकाकीने ऐकलंय. भालूला बोलवा, म्हणत होती."

तो पडवीत येरझाऱ्या घालू लागला.

"लोकांना वाटतं मी दुःख गिळलं. मी परत आलो ते एवढ्यासाठीच, की इथून गेलो असतो तर मी फुकट थांबलो असं झालं असतं. कळतंय तुम्हाला? आई फुकट गेली असं झालं असतं."

"कळतंय."

"का थांबवलंत मला?"

या प्रश्नाची सगळी उत्तरं भालचंद्राने दोन वर्षं घोकली होती. बाबा म्हणतील तिचं आयुष्यच तेवढं होतं, तर काय म्हणायचं. देवाची इच्छा म्हणतील, तर काय. तुझा जीव वाचवला म्हणतील, तर काय म्हणायचं तेही ठरलेलं होतं. एकेक शब्द त्याने घासून धारदार करून ठेवला होता.

"मला भीती वाटली," बाबा म्हणाले.

"माझ्यासाठी?"

"नाही. मठात मी एकटा राहिलो असतो, त्याची."

एवढ्या शब्दांतला एकही शब्द आता कामाचा नव्हता. समोर एक म्हातारा बसला होता. पोट खपाटीला गेलेला, भगव्या कफनीतला एक भित्रा म्हातारा.

"दोन वर्षं," तो म्हणाला, "दोन वर्षं माझ्या हातचं जेवलास तू."

सोळा वर्षांत बाबांना पहिल्यांदाच त्याच्या तोंडून 'तू' गेलं होतं. दोघांनीही ते ऐकलं.

"जेवलो," बाबा म्हणाले.

भालचंद्राने फोन उचलला आणि सगळा जीव लावून अंगणातल्या चिऱ्यावर आपटला. काचेचे तुकडे उडाले. पण मन शांत झालं नाही. त्याने पाण्याचा हंडा लाथाडला. तेवढ्यानेही झालं नाही. मग कोपऱ्यातलं वल्हं खांद्यावर टाकलं आणि तो धक्क्याच्या पायऱ्या उतरू लागला. पलीकडे घराचा ढिगारा अजून तसाच पडला होता. दोन वर्षांत त्याने त्यातला एक दगड हलवला नव्हता. तिथेच जाऊन राहायचं, या मठाची पायरी पुन्हा चढायची नाही, असं तो मोठमोठ्याने बोलत चालला होता.

मागून अनवाणी पावलं वाजली.

त्याने वळून सांगितलं, परत जा. बाबा परत गेले नाहीत. त्याने होडीचा दोर सोडला, तर बाबा पाण्यात उतरले, कसेबसे होडीत चढले आणि दोन्ही कडा धरून मधोमध बसले.

बाबा पाण्यावर जात नसत, हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. दाभेवाडीला कुणाकडे जायचं झालं तर अकरा कोसांचा वळसा घालून रस्त्याने जात. त्यांना पोहता येत नव्हतं.

"उतरा," भालचंद्र म्हणाला.

"नाही."

"मी माफ करणार नाही."

"मी मागितली नाही."

भालचंद्राने दात खाऊन होडी ढकलली. बसायचंय तर बस, असं त्याच्या मनात आलं.

ओहोटी लागली होती. पाणी खाडीच्या मुखाकडे जोरात ओढत होतं. तो रागारागाने वल्हवत सुटला. मध्यावर येईपर्यंत त्याने मागे पाहिलं नाही. आणि मध्यावर आल्यावर त्याने वल्हं वर उचलून धरलं.

होडी हळूहळू पाण्याला आडवी झाली. प्रवाह तिला समुद्राकडे नेऊ लागला.

भालचंद्र उभा राहिला. त्याने एक पाय कडेला नेला आणि त्यावर भार टाकला. होडी कलली. पाणी आत आलं, बाबांची मांडी भिजली. आणखी थोडा भार टाकला की झालं असतं. खारव्याच्या पोराला ते शिकवावं लागत नाही.

बाबांच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती. ते देवाचं नाव घेत नव्हते. डोळे मिटले नव्हते. घामाने निथळत ते त्याच्या तोंडाकडे बघत होते.

पलीकडच्या काठावर दाभेवाडीची कौलं दिसत होती. त्यांच्यात एक जागा रिकामी होती.

"आता भीती वाटते?" भालचंद्राने विचारलं.

"वाटते," बाबा म्हणाले. "वल्हव."