मथुकाकूंच्या वाती आणि राजाची म्हैस

दवंडी झाली ती नेमकी मथुकाकूंच्या ओसरीपुढे. "ऐका हो! जे कोणी रिकामे घरी बसले असतील, त्यांनी परवापासून रोज सकाळी तलावाच्या बांधावर माती वाहायला यावे. राजाची आज्ञा!"

शेजारची गंगू लगेच कुंपणावरून म्हणाली, "काकू, तुमचं नाव पहिलं हो. तुम्ही घरीच तर असता."

मथुकाकूंच्या हातातली वात तिथेच राहिली. यजमानांचा कारकुनीचा हात थरथरू लागल्यापासून चूल चालायची ती या वातींवर. देवळाला, गावाला लागणाऱ्या फुलवाती त्या घरी वळून विकत. सकाळ मातीत गेली की वाती गेल्या, आणि वाती गेल्या की चूल गेली.

पण खरं सांगायचं, तर हे काम आहे की नाही याची त्यांची त्यांनाच खात्री नव्हती. रोज देवापुढे हजार वातींचा संकल्प सोडायचा, आणि दुपारपर्यंत व्हायच्या बेचाळीस. मधेच दूध उतू जायचं, कुणी विरजण मागायला यायचं, कुणी "सहज आले" म्हणून तासभर बसायचं. यावर उपाय म्हणून त्यांनी चातुर्मासात दुपारच्या घंटेपर्यंत मौन धरलं. बोललं नाही की लोक उठून जातील, हा हिशेब. झालं उलटंच! मधे न बोलता ऐकून घेणारं माणूस गंगूला जन्मात पहिल्यांदाच भेटलं. ती दोन तास बसू लागली.

त्याच संध्याकाळी काकू राजवाड्यात गेल्या. राजा धैर्यशील मनाने वाईट नव्हता, पण हट्टी. एकदा मान हलली की हलली.

"महाराज, मी घरी असते, पण रिकामी नसते. काम करते."

राजा हसला. "घरात बसून कसलं काम, बाई? काम करणारा माणूस घराबाहेर पडतो."

"घरी राहूनही माणसं कामं करतात, महाराज."

"बरं. घरातच राहून काम करतो, आणि ज्याच्यावाचून राज्याचं अडतं, असा एक माणूस दाखव. उद्या दुपारची घंटा होईपर्यंत. दाखवलास तर हुकूम मागे. नाहीतर परवा तुझ्या डोक्यावर पहिली पाटी."

"दाखवते," म्हणून काकू ऐटीत उठल्या. वाड्याची पायरी उतरताना त्यांना आठवलं, उद्या दुपारपर्यंत आपलं मौन. व्रत मोडायचं नाही आणि माणूस तर शोधायचा! स्वतःच्याच कपाळावर हात मारून त्या घरी आल्या.

सकाळी त्या खुणा करत गावभर फिरल्या. सोनाराला वाटलं दाढ दुखते. त्याने लवंग दिली. गुरवाने तीर्थ दिलं. गंगू तर बरोबरच चालली, आणि आपल्या नणंदेची सगळी कथा सांगून मोकळी झाली. शेवटी काकू दमून दरबाराच्या कोपऱ्यात जाऊन बसल्या. घंटा होईपर्यंत हात कशाला रिकामा ठेवायचा? बरोबर आणलेला कापूस आणि ताम्हन पुढ्यात घेऊन, दुधाचं बोट लावून वाती वळू लागल्या.

समोर एका म्हशीचा तंटा चालला होता. दोघे शेतकरी, म्हैस एक. राजाने तोंड उघडलं, तोच दासी आली. "राणीसाहेब विचारतात, वरणात आमसूल घालू की चिंच?"

"आमसूल," राजा म्हणाला.

पुन्हा म्हैस. तेवढ्यात राजमातेचा निरोप. लोणच्याची बरणी फळीवरून काढायची, आणि सोवळ्याच्या बरणीला नोकराचा हात कसा लागावा? राजा उठून गेला, बरणी काढून आला. मग छोटी राजकन्या बाहुलीचा मोडका हात घेऊन मांडीवर बसली. मग काकासाहेब आले.

"सहज आलो रे. म्हटलं, तू काय, घरीच असतोस."

काकूंचा हात थबकला. गालातल्या गालात हसून त्यांनी चार वाती वेगळ्या काढल्या आणि ताम्हनात ठेवल्या. पुढे दासी आली की एक वात, राजकन्या आली की एक वात.

दुपारची घंटा झाली.

"काय बाई, सापडला माणूस?"

"सापडला, महाराज. सिंहासनावर बसलाय."

प्रधान ओरडले, "महाराज रिकामे घरी बसतात असं म्हणायचंय तुला?"

"मी कशी म्हणेन? दवंडीच म्हणते. महाराज राहतात इथेच, दरबार भरतो इथेच. कामासाठी त्यांनी उंबरा कधी ओलांडला?" काकूंनी ताम्हन पुढे केलं. "या सतरा वाती. सकाळपासून घराने महाराजांना सतरा वेळा उठवलं. आणि म्हैस अजून कुणाची ते ठरलं नाही. याची लाज नको, महाराज. माझ्याही बेचाळीसच होतात."

राजाने ताम्हनाकडे पाहिलं, मांडीवरच्या बाहुलीकडे पाहिलं, आणि असा हसला की काकासाहेबांच्या हातातला विडा पडला.

"हुकूम मागे! नाहीतर उद्या पहिली पाटी मलाच उचलावी लागेल. राजवाड्याच्या देवघराच्या वाती आजपासून तुझ्याकडून. आणखी काय हवं ते माग."

"एक भालदार द्या, महाराज. सकाळचा एक प्रहर. दारात उभा राहून एवढंच म्हणायचं, बाई कामावर आहेत."

दुसऱ्या दिवसापासून दोन भालदार उभे राहिले, एक काकूंच्या दारात आणि एक दरबाराच्या. म्हशीचा निवाडा सकाळीच लागला. गंगू कुंपणावरूनच परतली.

आणि काकूंच्या भालदाराने भाला आडवा धरून अडवलेलं पहिलं माणूस म्हणजे खुद्द मथुकाकू. विरजण मागायला गंगूकडे निघाल्या होत्या.