गिधाडाची मोपेड

यातला एक तरी शब्द खरा मानून दाखव. मानलास तर माझी पानाची चंची तुझी.

फार मागं घाटाच्या माथ्यावर एक गिधाड जुनी मोपेड स्वस्तात विकत होतं. चंद्री शेळी आली. तिची करडं खाली गावात, आणि चालून चालून तिचे खूर झिजलेले. तिनं रंग बघितला, हॉर्न वाजवला, खूश झाली.

मोपेड कुजबुजली, "बाई, आधी माझा ब्रेक दाबून बघ. मागच्या मालकिणीचं काय झालं ते विचार."

"जुनं लोखंड कुरकुरतंच गं," गिधाड म्हणालं. "त्या बयेचं काय ऐकतेस?"

शेळीला पटलं. तिनं हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, लिंबू-मिरची बांधली आणि उताराला लागली.

पहिल्याच वळणावर ब्रेक लागला नाही. दरीत लिंबू-मिरची तेवढी शाबूत राहिली.

गिधाड सावकाश खाली उतरलं. पोट भरल्यावर त्यानं मोपेड वर ओढली, नवा रंग फासला. ससा आला तेव्हा म्हणालं, "एकाच बाईच्या हातातली आहे. फार जपायची बिचारी."

करडं अजून वाट बघतायत. तू काय तोंड बघतोस माझं? ऊठ, पळ आता.