दोन उभ्या रेघा

एका ग्रंथसंग्रहालयाच्या संगणक-खोलीत एकदा एक वृद्ध जाणकार आपल्या शिष्येला शेलमध्ये लिहायला शिकवत होते. शेल म्हणजे यंत्राला ओळीओळीने हुकूम लिहून देण्याची भाषा. वृद्धांना सगळे अप्पा म्हणत. शिष्येचं नाव शाल्मली. घरी आईजवळ ठेवलेली आठ महिन्यांची लेक, त्यामुळे अर्धं लक्ष कायम घड्याळाकडे.

काम नाजूक होतं. जीर्ण पोथ्यांची छायाचित्रं कॅमेऱ्याच्या कार्डावरून संगणकातल्या भांडारात उतरवायची आणि संध्याकाळी कार्ड पुसायचं. पोथ्या पुन्हा उघडल्या तर पानांचा चुराच हाती आला असता.

शाल्मलीने सगळं एका ओळीत बसवलं. प्रत्येक छायाचित्राची प्रत कर; पुढे '&&', म्हणजे 'जमलं तर', यादीत नाव लिही; पुढे '||', म्हणजे 'नाहीतर', अर्धवट प्रत पुसून टाक.

"बघा अप्पा, इफ नाही, एल्स नाही. झालं तर हे, नाहीतर ते! निघू मी? पाच-चाळीसची बस आहे."

खुर्चीवरचा टॉवेल अप्पांनी गुंडाळला आणि मांडीवर घेतला.

"ही तुझी लेक. मी सांभाळतो. काय करायचं ते या ओळीसारखंच थोडक्यात सांग."

शाल्मलीला हसू आलं. "उठली तर दूध पाजा, नाहीतर पाळणा हलवा."

"उठली," अप्पा म्हणाले. पाण्याची बाटली त्यांनी टॉवेलला लावली. "छे, तोंड फिरवलं. दूध काही घेतलं नाही." बाटली बाजूला ठेवून ते टॉवेल झुलवू लागले.

"अहो अप्पा! उपाशी पोरीला झोपवताय काय? टक्क जागी आहे ती!"

"पाजणं फसलं, म्हणून 'नाहीतर'कडे आलो. तू सांगितलंस तेच करतोय."

"थोडं थांबून पुन्हा पाजायचं, एवढं काय सांगायला लागतं?"

"तुझ्या आईला नाही लागत. यंत्राला लागतं." अप्पांचा आवाज मऊ झाला. "पोरी, या दोन उभ्या रेघांना पहिला प्रश्न आठवत नाही. आत्ता शेवटी केलेलं फसलं का, एवढंच त्या बघतात. समज, प्रत उत्तम झाली, पण यादी काही उघडली नाही. तर तुझी ओळ ती उत्तम प्रत पुसणार. आणि संध्याकाळी तू कार्ड पुसणार."

शाल्मलीने ती ओळ पुसून टाकली.

"थोडक्यात लिहूच नये, असं नाही. एकच अट आणि एकच काम असेल, तर मीही असंच लिहितो. घरात तर आपण नुसतं 'हं' म्हटलं तरी भागतं, कारण ऐकणाऱ्याला आपली काळजी असते. यंत्राला काळजी नसते. ती आपणच लिहून द्यावी लागते."

बस गेली. शाल्मलीने इफ लिहिलं, एल्स लिहिलं, आणि यादी फसली तर प्रत तशीच ठेवून थांबायचं, हेही लिहिलं. परीक्षा म्हणून अप्पांनी मुद्दाम यादीला यंत्रातलं कुलूप घातलं, तिच्यात काही लिहिता येऊ नये म्हणून. हुकूम चालला आणि पडद्यावर उमटलं: नोंद झाली नाही, प्रत जागेवर आहे.

मग तिने घरी फोन लावला. "आई, उशीर होतोय. ती उठली तर दूध दे. नाही घेतलं तर..." तिने टॉवेलकडे पाहिलं. "तर काय करायचं ते तुला कळतंच की गं."

तिने फोन ठेवला, तरी अप्पांचा हात अजून टॉवेलवरच होता.

"झोपली," ते हळूच म्हणाले.