दिवसा वाचायची गोष्ट

फार पूर्वी, छापील पुस्तकं अजून नवलाची होती तेव्हा, डोंगरातल्या एका गावात एक चितारीण राहत असे. तिच्या हातात कला होती आणि डोक्यात एकच खूळ होतं. मुलांसाठी चित्रांचं पुस्तक काढायचं, आणि तेही दूरदेशीच्या राजाराणीचं नाही, आपल्याच रानातल्या गोष्टीचं.

ही गोष्ट तिने गावातल्या टोपल्या विणणाऱ्या म्हातारीकडून ऐकली होती. हळद्या पक्षी पूर्वी मातकट रंगाचा होता म्हणे. एकदा रानात लग्न निघालं. मोर, पोपट, खंड्या सगळे नटण्यामुरडण्यात दंग. मांडव घालायला आणि पाणी भरायला हा एकटा. लग्न लागलं, पाहुणे जेवून पांगले, तेव्हा नवरीने त्याला जवळ बोलावलं आणि वाटीत उरलेली सगळी हळद त्याच्या अंगाला लावली. तेव्हापासून तो असा पिवळाधमक.

चितारणीने हे सारं पानापानांवर उतरवलं, मागे गावचाच दोन शिंगांचा डोंगर काढून. पानाला चार ओळींचाच मजकूर, पण त्या चार ओळींसाठी किती कागद फाडले ते तिच्या चुलीलाच ठाऊक. बाजारगावच्या छापखानेवाल्याने पुस्तक छापलं. पहिला गठ्ठा तिच्या गावात आला. बाकीचे गठ्ठे बैलगाडीने गावोगाव जायचे होते.

मुलांनी पुस्तकावर झडपच घातली. भर दुपारी पारावर ही गर्दी! एक वाचतोय, बाकीचे चित्रांवर बोटं ठेवतायत. आणि इथेच माशी शिंकली.

कारण त्या गावाची एक रीत होती. गोष्ट सांगायची ती दिवे लागल्यावरच. दिवसा सांगितली, तर ऐकणाऱ्या मुलांचा मामा वाट चुकतो! हे पोराटोरांना पाठ होतं, पण पुस्तकाबद्दल वाडवडील काही सांगून गेले नव्हते.

पाटलीणबाई पाणवठ्यावरून थेट चितारणीच्या दारात आल्या. "काय मांडलंयस गं हे? दिवसाढवळ्या गोष्ट? तुला भाऊ आहे ना एक?"

भाऊ होता, आणि एकच होता. गावोगाव फिरून तो भांड्यांना कल्हई लावायचा. चितारणीच्या तान्ह्या मुलाचं जावळ काढायचं होतं, आणि जावळ निघतं ते मामाच्या मांडीवर. दसऱ्याच्या आत येतो, असं सांगून तो गेला होता.

चितारीण हसली. "वहिनी, पुस्तकाने कधी कुणी वाट चुकतं होय?"

पण दसरा आला आणि गेला, भाऊ आला नाही. दिवाळी तोंडावर आली, तरी त्याचा पत्ता नाही. तिचं हसू मावळलं. पाणवठ्यावर बायका तिला पाहून गप्प होऊ लागल्या. ज्यांचे भाऊ शेजारच्याच आळीत पान चघळत बसले होते, त्यासुद्धा उसासे टाकू लागल्या. शेवटी पाटलांनी फर्मान काढलं, "पुस्तकं दिवसा फडक्यात बांधून ठेवायची. दिवे लागले की सोडायची."

चितारणीने तर त्याच्याही पुढे जाऊन छापखान्यात निरोप धाडला, "बाकीचे गठ्ठे पाठवू नका." निरोप गेला आणि ती घरात येऊन ढसाढसा रडली. इतक्या हौसेने केलेलं पुस्तक, पण आता पुस्तक नको आणि काही नको, तिला भाऊ हवा होता.

त्या दिवशी दिवेलागणीला तिची थोरली लेक फडकं सोडून पुस्तक घेऊन बसली. शेवटच्या पानावर येऊन थांबली.

"आई, हळद्या कुठे गेला?"

"अगं, आहे की तिथेच."

"नाहीये! बघ ना तू!"

चितारणीने वाकून पाहिलं. खरंच दिसत नव्हता. दिव्याच्या पिवळ्या उजेडात कागदही पिवळा आणि पक्षीही पिवळा. साऱ्या लग्नात राबलेला तो बिचारा, आणि त्याला हळद लागते नेमक्या त्याच पानावर नाहीसा झालेला. लेक रडवेली झाली. उजेडात बघायची वस्तू आपणच अंधारात कोंडली, असं चितारणीला वाटलं.

सकाळ होताच ती म्हातारीकडे गेली. म्हातारी अंगणात बांबूच्या पट्ट्या सोलत बसली होती.

"मावशी, दिवसा गोष्ट का सांगत नाहीत?"

म्हातारीने कोयता खाली ठेवला आणि बोळक्या तोंडाने खुदकन हसली. "आता विचारतेस होय? अगं पोरी, दिवसा मला टोपल्या विणायच्या असतात. पोरं काही पदर सोडत नाहीत. एक झाली की दुसरी सांग, दुसरी झाली की तिसरी. माझा हात थांबला की चूल थांबते. 'नाही' म्हटलेलं कोणतं पोर ऐकतं? म्हणून आमच्या आज्यांनी मामाला मधे घातलं. मामावर पोरांचा जीव. त्याच्यासाठी तेवढी गप्प बसतात."

"एवढंच?"

"एवढंच तर काय! तुझ्या पुस्तकाला कुठे टोपल्या विणायच्यात? ते दिवसभर रिकामंच की. वाचू दे लेकरांना."

चितारणीच्या छातीवरचा धोंडाच उतरला. तिला हसू फुटलं आणि त्या हसण्यातच डोळेही भरून आले. पण घराकडे वळताना तिने पुन्हा ओढ्यापलीकडे पाहिलं. भाऊ काही अजून आला नव्हता. कारण कळलं म्हणून भीती काय लगेच गाशा गुंडाळते?

वेशीपाशी बाजारगावचा गाडीवान बैल जुंपत होता. आता एक शब्द बोललं, की गावोगावची मुलं भर उन्हात ही गोष्ट वाचणार. आणि खरंच काही वाईट झालं तर? चितारणीने गाडीच्या दांडीवर हात ठेवला. म्हणाली, "दादा, छापखान्यात सांगा, सगळे गठ्ठे सोडा. आणि पहिल्या पानावर शिक्का मारा म्हणावं, 'ही गोष्ट दिवसा वाचावी.'"

गावाने तोंडात बोटं घातली. "सख्ख्या भावाच्या मुळावर उठली!" पाटलीणबाई म्हणाल्या. चितारीण रोज चित्रं काढायला बसायची, पण डोळे वाटेकडेच लागलेले असायचे.

तुळशीची लग्नं लागली. त्यानंतर एका सकाळी ओढ्यापलीकडून एक माणूस येताना दिसला. दाढी वाढलेली, अंगाने वाळलेला, पाठीवर कल्हईचा भाता. चितारीण हातातलं सगळं टाकून धावत सुटली.

"मेल्या, होतास कुठे?" म्हणत तिने त्याला दोन धपाटे घातले आणि त्याच्याच खांद्यावर डोकं टेकून रडली.

"अक्का, वाट चुकलो होतो गं."

तोवर सारं गाव जमलं होतं. पाटलीणबाई पुढे सरसावल्या. "बघा! मी म्हटलं नव्हतं? कधी रे चुकलास?"

"श्रावणात. नदीच्या पुरात पूल वाहून गेला, म्हणून घाटाची वाट धरली. धुक्यात कुठल्या कुठे गेलो. कल्हई लावत पोट भरलं, पण आपल्या एवढ्याशा गावाचं नाव तिकडे कुणाला ठाऊक!"

श्रावणात तर पुस्तकाचा कागदही कापला गेला नव्हता. पाटलीणबाईंनी मनातल्या मनात महिने मोजले आणि पदर सावरून हळूच मागे सरकल्या.

"मग वाट सापडली कशी?" चितारणीने विचारलं.

"पठारावर एक धनगराची पोर झाडाखाली बसून पुस्तक वाचत होती, भर दुपारी. सहज डोकावलो, तर चित्रात आपल्या गावामागचा दोन शिंगांचा डोंगर! तुझा हात मी ओळखणार नाही होय? म्हटलं, पोरी, या डोंगराखाली माझं घर आहे, पण ते सापडत नाही. ती म्हणाली, 'हा होय? आमच्या पठाराच्या टोकाला उभं राहिलं की दिसतो.' तो दिसला आणि मी नाकासमोर चालत आलो."

पाटील मोठ्याने हसले आणि मग सगळं गाव हसलं. पाटलीणबाई मात्र घरी गेल्या. त्यांनी फडक्याची गाठ सोडली, पुस्तक नातवाच्या हातात दिलं आणि त्याला अंगणात उन्हात बसवलं.

दुपारी जावळ निघालं. बाळाने मामाच्या मांडीवर रडून गाव डोक्यावर घेतलं, आणि चितारीण कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

तात्पर्य: रीत पाळायची तर ती का पडली हे आधी विचारावं, नुसत्या भीतीपोटी उजेड झाकून ठेवला, तर घरी येणाऱ्याला वाट कशी दिसणार?