सगुणाची हनुवटी

“एक मिलिमीटरसुद्धा इकडचं तिकडं झालं नाही, सर. मग माझं चुकलं कुठं?”

डॉ. सौमित्र बेडकिहाळ ओसरीवर उभ्याउभ्याच विचारत होता. जबड्याच्या शस्त्रक्रियेत त्याचं नाव चार जिल्ह्यांत झालेलं. आधी कॉम्प्युटरवर चेहरा कापायचा, जोडायचा आणि मग तोच बेत टेबलावर तंतोतंत उतरवायचा, ही त्याची ख्याती. तिचा त्याला गर्व होता आणि तो लपवायच्या भानगडीत तो कधी पडला नाही.

हेरवाडकर सर घेवडा सोलत बसले होते. तीस वर्षं त्यांनीही हेच काम केलं. प्लॅस्टरचे जबडे ओतून, त्यांवर पेन्सिलीनं रेघा मारून. आता बोटं थरथरतात, म्हणून घेवडा.

“बस आधी. कुणाचं?”

“सगुणा लोहार. उजव्या जबड्यात गाठ होती. हाडासकट काढली, पायातलं हाड घेऊन नवा जबडा केला. डावी बाजू चांगली होती. कॉम्प्युटरनं तिचीच उलटी प्रत उजवीकडं बसवून दाखवली, मी तशीच बसवली. चेहरा इतका सरळ आला, सर, की...”

“की?”

“की तिच्या आईनं तिला ओळखलं नाही.”

सरांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“आई आंधळी आहे. म्हणजे... होती. दहा वर्षं लेकीचा चेहरा चाचपूनच ओळखायची. सगुणाची हनुवटी उजवीकडं कललेली. लहानपणी झोपाळ्यावरून पडली, तेव्हापासूनची. मला वाटलं, गाठीनं कलली आहे.”

“तिला विचारलंस?”

“ती काही बोलली नाही.”

“तू विचारलंस?”

सौमित्र खाली बसला. त्यानं चपलेच्या अंगठ्याशी चाळा केला.

“तिला पडद्यावर नवा चेहरा दाखवला होता, सर. हरखली. म्हणाली, ‘येवढी देखणी दिसंन व्हय मी?’”

त्यानं चपलेचा अंगठा सोडला.

“घरी गेली. आईपुढं बसली. सुजेमुळं बोलणं बोबडं, आवाजही ओळखू येईना. आईनं तोंडावरनं हात फिरवला नि मागं घेतला. म्हणाली, ‘कोन गं बया तू? माझी सगुणी कुठं हाय?’ सगुणानं घास पुढं केला, तर तोंड फिरवलं. परक्या बाईच्या हातचं नको म्हणाली.”

“कुणी समजावलं नाही?”

“सगळ्यांनी. मीही गेलो होतो. म्हातारीचं डोकं थकलेलं, तिला पटेना. दीड महिना तेच. शेवटच्या दिवशीही म्हणत होती, ‘सगुणी दवाखान्यात गेली ती आलीच न्हाई.’ सगुणा उशाशीच बसलेली, सर. हात हातात घेऊन. परवा तेरावं झालं.”

सर उठले. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा त्यांच्या हातात प्लॅस्टरचा एक जुना, पिवळा पडलेला जबडा होता. तो त्यांनी सौमित्रच्या ओंजळीत ठेवला.

त्यावर रेघा होत्या आणि रेघांच्या खाली पुसट अक्षरं. ‘हसताना डावीकडं झुकतो. बायको म्हणते, त्यावरच भुलले.’

सरांची ही जुनी खोड. घरचं माणूस शेजारी बसवून ‘याला कशावरून ओळखता?’ असं विचारल्याशिवाय ते एक रेघ ओढत नसत. हाताखाली शिकणारी पोरं पाठीमागं हसायची. सौमित्र सगळ्यांत जास्त हसायचा. पुढं दवाखान्यातला सरांचा विभाग त्याच्या ताब्यात आला, तेव्हा कॉम्प्युटर ठेवायला जागा हवी म्हणून त्यानंच हे जबडे पोत्यांत भरून बाहेर काढले. सरांनी ती पोती रिक्षात घालून घरी आणली आणि त्याबद्दल त्याला अवाक्षर विचारलं नाही.

सौमित्रनं ती ओळ दोनदा वाचली.

“म्हणजे कॉम्प्युटरवर विसंबलो, हे चुकलं.”

“त्याच्यावर कशाला ढकलतोस? चेहरा सरळ कसा करू, असं तू विचारलंस. त्यानं सांगितलं. माझ्या वेळेला ते यंत्र असतं, तर मी आनंदानं नाचलो असतो.”

सौमित्रनं डोळे पुसले. माणूस वाईट नव्हता तो. वाईट वाटायचं ते मनापासून वाटलं होतं. पण त्यानं पुढं जे केलं, ते सांगताना मला अजून राग येतो.

त्यानं पिशवीतून टॅबलेट काढला आणि सरांपुढं धरला.

“मी दुरुस्त करतो, सर. तिच्या लग्नाचा फोटो मिळवला. तीन रात्री बसून नवा प्लॅन केलाय. हनुवटी पुन्हा उजवीकडं, पाच मिलिमीटर. बघा. हुबेहूब पहिल्यासारखी.”

सरांनी चष्मा लावला. पडद्यावर सगुणाचा चेहरा हळूहळू फिरत होता, वाकड्या हनुवटीचा.

“सगुणाला दाखवलंस?”

“अजून नाही. म्हटलं, आधी तुम्हाला...”

सरांनी पडद्यावरच्या त्या हनुवटीवर थरथरतं बोट ठेवलं. काच गुळगुळीत. बोट घसरलं.

“काम चांगलं आहे,” ते म्हणाले.

“बसेल ना, सर?”

सरांनी टॅबलेट त्याच्या मांडीवर ठेवला. घेवड्याची परात ओढली. एक शेंग उचलली, पण ती सोलली नाही.

“बसेल, सौमित्र. पण तिच्या आईचे ते हात कुठून आणशील?”