चिपट्याची रांग

त्या मुलखात सगळा कारभार मापांच्या हाती होता. पायली, अधोली, शेर, मापटं, चिपटं अशी लहानमोठी मापं गावोगाव नांदत, आणि ज्यात जास्त मावेल त्याला जास्त मान, अशी साधी रीत होती. नदीच्या खालच्या अंगाला धान्य इतकं पिके की पडून पडून त्याला कीड लागे. वरच्या अंगाला मात्र रिकामी मडकी वाऱ्यावर घुमत बसत. इकडचं तिकडे कसं न्यायचं, ही विद्या टेकड्यांवरच्या कोठारांत शिकवत असत. या कोठारांत दरसाल थोडीच मापं घेत आणि दाराशी आलेली बाकीची घरी पाठवत.

दाराचीही एक रीत होती. आलेल्या मापाने आपल्यात जे भरून आणलं असेल ते उंबऱ्यावर ओतून दाखवायचं. पसंत पडलं तर कोठार आपल्याकडचं धान्य त्या मापात शीग लागेपर्यंत ओते, म्हणजे काठाच्या वर रास चढेपर्यंत. नापसंत झालं तर माप उंबऱ्यावर पालथं घालत. शीग लावलेलं माप आत जाई, पालथं घातलेलं उठून, धूळ झटकून टेकडी उतरे.

नदी जिथे पायी ओलांडता येई तिथे एक बाजार भरत असे. त्या बाजारात बाभळीच्या लाकडाचं एक चिपटं राहत होतं. चिपटं म्हणजे पाव शेराचं माप. मोठ्या मापांच्या पंगतीत त्याला कोणी विचारत नसे. पण त्याला एक खोड होती. कोणी दोघं पाठ फिरवून बसलेली दिसली की त्याला चैन पडत नसे.

एकदा मिठाची टोपली, नाचणीचा रांजण आणि तेलाचा बुधला असे तिघं बाजारात फुगून बसले होते. टोपलीला नाचणी हवी होती. रांजणाकडे मीठ मुबलक होतं, त्याला हवं होतं तेल. आणि बुधल्याला नाचणीचं नावही नको होतं, त्याला मीठ पाहिजे होतं. सकाळपासून तिघं एकमेकांना हेकट म्हणत होते. चिपटं टुणटुणत मधे गेलं. टोपलीतलं मीठ त्याने बुधल्याकडे नेलं, बुधल्याचं तेल रांजणाकडे, रांजणाची नाचणी टोपलीकडे, आणि बाजार उठायच्या आत तिघंही हसत घरी गेले. चिपट्याच्या तळाशी नाचणीचे चार दाणे चिकटून राहिले होते, तेवढीच त्याची कमाई. पण त्या दिवशी त्याला जो आनंद झाला तो काठात मावेना. घरी येऊन त्याने ती हकीकत आईला इतक्या वेळा सांगितली की शेवटी आईच ती त्याला सांगू लागली.

तिघांचं जमलं, मग साऱ्या नदीचं कसं जमवायचं, हा प्रश्न तेव्हापासून त्याच्या मनात घर करून बसला. त्याचं उत्तर उगवतीच्या कोठारात मिळतं, असं त्याने ऐकलं होतं. तिथली मापं धान्य घेऊन वरच्या अंगाला जातात आणि घुमणारी मडकी गप्प करून येतात. चिपट्याने ठरवलं, जायचं तर तिथेच. त्याची आई म्हणजे काठाला तार बांधलेली एक जुनी अधोली. टेकडी कशी असते ते तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने चिपट्याला आतून बाहेरून पुसलं आणि खुशाल जा, पण वाटेत सांडू नकोस, एवढंच बजावलं.

टेकड्यांच्या वाटेवर एक झारा राहत होता. सगळ्या कोठारांच्या बातम्या त्याच्यातून जात, राहत मात्र एकही नसे. उमेदवार मापं त्याला झारेकाका म्हणत आणि त्याच्यापुढे हात जोडून बसत. झारेकाकांनी चिपट्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि च्च केलं. उगवतीच्या आधी सोनकळसाच्या कोठारात जायला हवं, असं त्यांचं मत पडलं, कारण सगळे तिथेच जातात. गेल्या साली तिथे एक माप वेलदोडे घेऊन गेलं आणि त्याला शीग लागली, तेव्हा वेलदोड्यांना पर्याय नाही. राहता राहिला तळ.

"तुझा तळ फार खोल आहे रे," झारेकाका म्हणाले. "टाकलेलं सगळं खाली जातं. वर दिसायला नको का काही? मेण ओतून घे चांगलं जाडसर. मग चार वेलदोड्यांतही शीग दिसेल."

चिपट्याला हे ऐकून कसंतरीच झालं. खोट्या तळाचं माप बाजारात कोणी उभं करत नाही, हे त्याला आईने रांगत्या वयात शिकवलं होतं. पण समोर बसलेले सगळेच माना डोलवत होते, आणि जे सगळे करतात ते न करायला जो धीर लागतो तो त्या दिवशी त्याच्याकडे नव्हता. त्याने मेण ओतून घेतलं. मिनतवाऱ्या करून चार वेलदोडे उसने आणले, ते मेणावर रचले, आणि खरोखरच शीग दिसू लागली.

सोनकळसाच्या दाराशी गेलं तर काय, झाडून सगळ्या मापांत वेलदोडे. वासाने द्वारपालांच्या शिंका थांबत नव्हत्या. उंबऱ्यावर एक भली थोरली परात बसली होती. सकाळपासून वेलदोडे पाहून पाहून तिचा चेहरा उतरला होता. चिपट्याने आपले चार वेलदोडे तिच्यापुढे ओतले. परातीने ते बघितलेसुद्धा नाहीत. तिने सरळ चिपट्याला पालथं घातलं, आणि तेवढ्यात उन्हाने सैल झालेला मेणाचा तळ सुटून थप्पकन तिच्या मधोमध पडला.

परातीने पुढे वाकून तो गोळा निरखला आणि हे कोणाचं म्हणून विचारलं.

"माझं," चिपटं पालथ्या तोंडाने म्हणालं.

मग जे हसू उसळलं ते टेकडीखालपर्यंत ऐकू गेलं. बिचारं चिपटं शरमेने अर्धं झालं. सगळी वाट ते रडत उतरलं. पण पायथ्याशी आल्यावर त्याच्या ध्यानात आलं की उड्या मारायला आज फार हलकं वाटतंय. मेणाचं ओझं अंगावर होतं, हे ते गेल्यावर कळलं. परातीचा चेहरा आठवून त्याला एकदम खुदकन हसू आलं. घरी आईने त्याच्या आत वाकून पाहिलं.

"तळ जागेवर आहे ना?" ती म्हणाली. "मग झालं तर."

उगवतीच्या कोठाराचं दार उघडायचा दिवस आला तेव्हा चिपट्याने बाजारातल्या रांजणाकडून नाचणी घेतली, काठोकाठ, वर ना खाली. वाटेत झारेकाकांनी हाक मारली. उगवतीला आता वेलदोडे चालत नाहीत, खसखस लागते, ही ताजी बातमी त्यांना द्यायची होती. चिपट्याने त्यांना नमस्कार केला आणि आपल्यात नाचणी आहे असं सांगून ते पुढे गेलं. हे दार वर्षातून एकदाच उघडे आणि पुढच्या साली त्याचं लाकूड शिकण्याच्या वयाचं राहणार नव्हतं. जे व्हायचं ते आजच होणार होतं.

टेकडीच्या वळणावळणाने रांग लागली होती. झारेकाकांच्या ध्यानात काही राहत नसल्यामुळे त्यांनी प्रत्येकाला वेगळंच काही आणायला सांगितलं होतं. कोणात खसखस, कोणात हळद, कोणात गूळ, एका मापट्यात तर नुसतं मीठ. जो तो आपल्यावर पान झाकून उभा, दुसऱ्याच्या पानाखाली डोकावणारा, आणि दुसऱ्याचंच बरोबर आहे अशी खात्री पटून मनातल्या मनात खचलेला. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. दार अजून उघडलं नव्हतं आणि ऊन चढत चाललं होतं.

चिपट्याच्या मागे गुळाचं मापटं होतं. त्याला मुंग्या लागल्या होत्या आणि ते जागच्या जागी नाचत होतं. थोडी हळद मिळाली तर मुंग्या पळतील, असं ते पुटपुटलं. हळद होती पुढे उभ्या असलेल्या कोळव्याकडे. पण चिपट्याच्याही निम्म्या असलेल्या त्या इवल्याशा कोळव्याला गुळाचा चिकटपणा सोसत नसे. त्याला कडकडून भूक लागली होती आणि त्याची नजर होती पितळी शेरातल्या फुटाण्यांवर. शेरालाही आपले फुटाणे नकोसे झाले होते. सकाळपासून कोरडे खाऊन त्याच्या घशाला कोरड पडली होती आणि सोबतीला गुळाचा खडा मिळाला तर बरं, असं त्याला वाटत होतं. हळदीत त्याला काडीचा रस नव्हता. तिघं एकमेकांकडे पाठ करून उभी होती.

चिपट्याने ते पाहिलं आणि त्याची खोड उफाळून आली. पण फिरायचं तर आधी रिकामं व्हायला हवं. दारात दाखवायला त्याच्याकडे नाचणीखेरीज काही नव्हतं. त्याने दाराकडे बघितलं, नाचणाऱ्या मापट्याकडे बघितलं. आई सांडू नकोस म्हणाली होती. मग स्वतःशीच म्हणालं, हे सांडणं नव्हे, आणि वाटेकडेच्या सपाट दगडावर त्याने नाचणी ओतून टाकली. कुठून तरी चिमण्या आल्या आणि त्यांनी दगडावर एकच कलकलाट मांडला.

गूळ शेराकडे गेला, फुटाणे कोळव्याकडे, हळद मापट्याकडे. मुंग्यांनी काढता पाय घेतला. कोळव्याने फुटाणे खाल्ले आणि ढेकर दिली. पितळी शेर, जो आजवर कोणाशी बोलला नव्हता, तो आपल्या गावच्या विहिरीच्या गमती सांगू लागला. हे पाहून पलीकडच्या वळणावरून हाक आली, खसखस वाऱ्याने उडतेय, वर ठेवायला काही जड मिळेल का? मग आणखी कोणाची, मग आणखी कोणाची. चिपटं टुणटुणत टेकडी उतरे, भरून चढे, ओतून पुन्हा उतरे. तळ खोल असल्याचा त्याला इतका उपयोग आजवर कधी झाला नव्हता. मापांनी पानं काढून फेकली. कोणी गाणं म्हणू लागलं. आपण कशासाठी आलो आहोत हे निम्मी मापं विसरली, आणि खरं सांगायचं तर चिपटंही विसरलं.

मधेच दार उघडलं होतं. उगवतीच्या उंबऱ्यावर एक म्हातारं सूप बसत असे. पाखडता पाखडता त्याच्या कडा झिजल्या होत्या. त्याने पुकारा केला, कोणी आलं नाही. दुसऱ्यांदा पुकारा केला, तरी नाही. इतक्या वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. सूप उठून उंबऱ्याच्या काठाशी आलं आणि खाली बघत राहिलं.

रांग होती तशीच होती, लांबलचक, वळणावळणाची. फक्त तिचं तोंड आता चिपट्याकडे फिरलं होतं. तिचं शेपूट कोठाराच्या दारात आलं होतं आणि तोंड पार खाली, चिमण्यांच्या दगडापाशी होतं.

सूप आत गेलं. कोठारात तांदळाच्या थप्प्या होत्या, पण मीठ कधीच संपलं होतं आणि आतली सगळी मंडळी कित्येक दिवस अळणी जेवत होती. सुपाने आपल्यात तांदूळ भरून घेतले, उंबरा ओलांडला आणि ते रांगेत सर्वांत मागे जाऊन उभं राहिलं. पुन्हा रांगेला लागलेल्या, पुढच्या पितळी शेराने अदबीने बाजूला सरकून त्याला सावलीत जागा दिली. ऊन कललं. रांग हळूहळू सरकत राहिली.

सुपाची पाळी आली तेव्हा चिपटं खाली वाकून तळ पुसत होतं. त्याने वर पाहिलं नाही.

"काय आणलंय?"

"तांदूळ."

"आणि हवं काय?"

"मीठ."

"ते मिठाच्या मापट्याकडे आहे, आत्ता आणतो. ओता."

सूप ओतू लागलं. तळ झाकला गेला, मग पोट भरलं, मग तांदूळ काठाला आले. पुरे, असं चिपटं म्हणालं. सूप थांबलं नाही. दाणे काठाच्या वर चढू लागले, त्यांची रास झाली, रास टोकदार झाली, तेव्हा कुठे चिपट्याने मान वर केली. वर कोठाराचं दार सताड उघडं होतं आणि उंबऱ्यावर कोणी नव्हतं. चार दाणे शिगेवरून घरंगळले आणि दगडावर पडले, आणि नाचणी टिपणाऱ्या चिमण्या तिकडे वळल्या.