मोडलेल्या झोपेचा राग

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या वेळचा डोंगर झिजून आता टेकडी झाला असेल आणि त्या वेळचा राजा कोण होता हे त्याच्या पणतवंडांनाही आठवत नसेल. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी तर जरूर ऐकावी, कारण ती मोठ्यांच्याच चुकीची आहे.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात एक रीत होती. मूल सोळा वर्षांचं झालं, की त्याने एक रात्र गावच्या पारावर झोपायचं आणि उजाडताच पंचांसमोर आपलं स्वप्न सांगायचं. त्या स्वप्नावरून पंच ठरवत, की पोराने नांगर धरायचा की तराजू, आणि पोरीने कोणत्या घरचं माप ओलांडायचं. स्वप्न आयुष्यात एकदाच सांगायचं. दुसऱ्यांदा कोणी विचारत नसे.

ही रीत ज्याने घातली तो माणूस शहाणा असावा. माणसाला खरंच काय हवं आहे हे त्याची झोप सांगते, असं त्याला वाटलं असेल. पण शहाण्याने घातलेली रीत सांभाळायला पुढे शहाणीच माणसं येतात असं नाही. आईबापांना धीर निघेना. पोराला भलतंच स्वप्न पडलं तर? वाण्याच्या मुलाला बासरी दिसली तर दुकान कोण बघणार?

तेव्हा गावातल्या एका म्हातारीने स्वप्नं पढवायला सुरुवात केली. तिच्याकडे शिधा पोचवायचा, पोराला तिच्या ओसरीवर बसवायचं, आणि ती त्याच्याकडून स्वप्न घोकून घ्यायची. म्हातारीची कल्पनाशक्ती बेताचीच होती. तिच्या प्रत्येक स्वप्नात एक पांढरा हत्ती यायचा. तो वाण्याच्या मुलाला सोंडेने तराजू द्यायचा, शेतकऱ्याच्या मुलाला नांगर आणि पाटलाच्या मुलाला पागोटं. पुढे म्हातारी गेली, पण ओसरी आणि हत्ती दोन्ही तिच्या लेकीने चालू ठेवले. पंच दरवर्षी तोच हत्ती ऐकत आणि दरवर्षी माना डोलावत, कारण आपापल्या वेळी त्यांनीही तोच सांगितला होता.

याच गावात एक हलवाईण होती. ती सोळा वर्षांची होती तेव्हा हत्तीने तिला पेढ्यांचं ताट दिलं होतं आणि ते हलवायाच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवायला सांगितलं होतं. खरं म्हणजे त्या रात्री ती झोपलीच नव्हती. शब्द विसरू नयेत म्हणून रात्रभर ओठांतल्या ओठांत पुटपुटत पडली होती. झोपच नाही तर स्वप्न कुठून पडणार?

पण पंचांनी मान डोलावली आणि ती हलवायाच्या घरी आली. संसार झाला. मुलगे झाले, नवरा गेला, मुलांची लग्नं झाली, केस पिकले. तिच्या हातचा साखरेचा पाक कधी बिघडला नाही आणि तिच्या जिलब्यांसाठी माणसं शेजारच्या गावांतून चालत यायची. गाव तिला सुखी म्हणायचं. तिनेही ते कधी खोडून काढलं नाही.

थोरली सून रोज पहाटे भट्टी पेटवायच्या आधी तिला उठवायची. ती चौकस होती आणि सासूवर तिचा जीव होता. एकदा धीर करून तिने विचारलं, "आत्याबाई, रागावणार नसाल तर बोलते. एरवी मी हाक मारली की तुम्ही हसत उठता. पण मधूनच एखाद्या पहाटे माझ्यावर अशा खेकसता, जणू मी तुमचं काही चोरलंय. तेव्हा तुम्ही काय बघत असता?"

हलवाईणीने तिला उडवून लावलं. म्हणाली, वय झालं की माणूस चिडचिड करतंच. पण प्रश्न मात्र तिच्या मनातून गेला नाही. त्या दिवसापासून ती जाग आल्यावर लगेच उठेना. डोळे मिटून पडून राही आणि आत्ता काय दिसत होतं ते आठवून बघे.

एका पहाटे तिला स्वप्नात सोन्याचा कमरपट्टा मिळाला होता. सुनेने हाक मारली, तशी ती जांभई देऊन उठली आणि चूळ भरून कामाला लागली. पट्टा गेल्याचं तिला काहीच वाटलं नाही. आणखी एका पहाटे तिचा नवरा स्वप्नात आला होता, अगदी तरुणपणीचा. जाग आल्यावर तिचे डोळे भरून आले, पण सुनेचा राग काही आला नाही.

मग एका पहाटे ते खेकसायला लावणारं स्वप्न पडलं. समोर काळा खडक होता आणि तिच्या हातात छिन्नी-हातोडा. ऊन डोक्यावर आलं होतं. कपच्या उडून केसांत जात होत्या, पाठ मोडून आली होती, तळहात सोलवटले होते. त्यात ना सोनं होतं, ना आपलं माणूस, ना बसायला सावली. अशा स्वप्नातून कोणी सोडवलं तर खरं म्हणजे माणसाने आभार मानावेत. पण सुनेने हाक मारली, तशी हलवाईणीने उशाचा तांब्या उचलून भिरकावला.

तांब्या भिंतीवर आपटला. सून तो चेपलेला तांब्या उचलायला वाकली. हलवाईण हळूच म्हणाली, "मला अजून थोडं फोडायचं होतं गं."

एवढं सगळं आयुष्य गेलं आणि बाईला आपल्याला काय हवं ते कळलं एका चेपलेल्या तांब्यामुळे. हसू नका. तुम्हाला कशामुळे कळलं ते सांगा बघू.

डोंगराच्या कुशीत एक म्हातारा पाथरवट जाती-पाटे घडवत असे. हलवाईण त्याच दिवशी त्याच्याकडे गेली. जातं हवं का पाटा, असं त्याने विचारलं. तिने छिन्नी मागितली. म्हाताऱ्याला वाटलं बाईची थट्टा चालली आहे, म्हणून त्यानेही थट्टेने छिन्नी पुढे केली. पहिला घाव दगडावर पडलाच नाही, अंगठ्यावर पडला. नख काळंनिळं झालं. तिने अंगठा तोंडात घातला, डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि दुसरा घाव घातला. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तिच्या केसांत दगडाची भुकटी होती, आणि सुनेने तिला इतकं खूश कधीच पाहिलं नव्हतं.

मुलांना मात्र लाज वाटली. रोज दुपारी आपली आई डोंगराकडे दगड फोडायला जाते, हे गिऱ्हाइकांना काय सांगायचं? थोरल्याच्या हातून पाक बिघडत होता, जिलब्या चिकट होत होत्या, लोक कुजबुजत होते. शेवटी त्याने तिची वाट अडवली आणि विचारलं, "आई, आम्ही काय कमी केलं तुला?"

"कमी काही केलं नाहीत रे," ती म्हणाली. "तुम्ही दिलंत ते सगळं गोडच होतं. पण मला भूक वेगळी आहे."

त्याला ते समजलं नाही. त्याने आईशी बोलणं टाकलं. याचं तिला फार वाईट वाटलं, ते मी लपवत नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ती डोंगराकडे गेलीच.

गोष्ट पाटलापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. पारावर पंच बसले, सगळा गाव जमला आणि हलवाईणीला मध्ये उभं केलं. पाटील तिच्याच वयाचा होता आणि बोलायला मोठा गोड. त्याने समजावून सांगितलं, की वहिनींनी सोळाव्या वर्षी याच पारावर पेढ्यांचं स्वप्न सांगितलं होतं. त्या स्वप्नावरच त्या हलवायाच्या घरात आल्या आणि त्या स्वप्नावरच त्यांचं दुकान उभं आहे. आता त्या म्हणतात आपलं स्वप्न दगडाचं. मग पहिलं खोटं ठरतं. ते खोटं ठरलं तर घरही गेलं आणि दुकानही गेलं. मुलं उघड्यावर येतील. त्यापेक्षा वहिनींनी एवढंच म्हणावं, की मध्यंतरी तब्येत बरी नव्हती, डोक्यात काहीतरी भरलं होतं. पंच विसरून जातील.

हलवाईणीने मुलांकडे पाहिलं. दोघे मान खाली घालून उभे होते. नातवंडं आईच्या पदराआड होती. एक वाक्य बोललं की सगळं पहिल्यासारखं होणार होतं, आणि एक बोललं की घर बुडणार होतं.  

"तेव्हा कुठलं खरं होतं, वहिनी, आणि आता कुठलं खरं आहे?" पाटलाने विचारलं.

"तेव्हाचं खोटं होतं," ती म्हणाली.

लोकांत एकच गलबला झाला. तिने तो ओसरू दिला.

"मी ते म्हातारीच्या ओसरीवर बसून पाठ केलं होतं," ती पुढे म्हणाली. "पाटील, तुम्ही माझ्या पुढ्यातच बसला होतात. तुमची गाडी दर वेळी सोंडेपाशी अडायची आणि मी मागून सांगायचे. म्हातारी ओरडायची ती मला. आठवतं? आता लावा दुकानाला कुलूप. माझी ना नाही. पण मग गावात कुलपं बरीच लागतील, आणि पहिलं तुमच्या चावडीला लावावं लागेल."

 एक पंच उगाचच खोकला. बायकांच्या घोळक्यात कोणीतरी फिसकन हसलं आणि पदर तोंडात कोंबला. प्रत्येकाला आपापला हत्ती आठवत होता, आणि प्रत्येकजण शेजाऱ्याकडे बघायचं टाळत होता.

पाटलाच्या लक्षात आलं की आता कुलपाचं नाव काढण्यात अर्थ नाही. पण पागोट्याची शान राखायला काहीतरी करणं भाग होतं. त्याने हुकूम सोडला, की या बाईच्या हातचा दगड गावात कोणीही विकत घ्यायचा नाही. घेईल तो वाळीत पडेल.

"नका घेऊ," हलवाईण म्हणाली. "मी विकण्यासाठी फोडतच नाही." आणि पार उतरून ती सरळ डोंगराकडे चालू लागली.

आता तुम्ही म्हणाल, मग तिने असं जातं घडवलं की राजाने पालखी पाठवली. छे. तिच्या पहिल्या जात्यातून पीठ कमी आणि दगडाची खर जास्त पडली. पाथरवट पोट धरून हसला, तीही हसली. दुसरं जातं फिरता फिरेना. तिसरं बरं झालं. त्यापुढची सरळ, गोल, हलकी फिरणारी होत गेली आणि पाथरवटाच्या खाणीपाशी एकावर एक रचून पडून राहिली, कारण हुकूम हुकूम होता. इकडे मुलांनी बऱ्याच कढया करपवल्या आणि अखेर पाक साधायला शिकले.

मग एका सकाळी, सगळ्यांच्या देखत, थोरल्या सुनेने एक जातं बैलगाडीत घालून घरी आणलं. पाटलाच्या माणसाने अडवलं, तेव्हा तिने सांगितलं की सासूच्या हातचं आहे, घरातलंच आहे, विकत कुठे घेतलं? हुकुमात यावर काही तोड नव्हती. आठवड्याभरात दुसऱ्या एकीला आठवलं, की हलवाईण आपली लांबची मावशी लागते. तिसरीच्या आईने तिला म्हणे बहीण मानलं होतं. बघता बघता निम्मं गाव तिच्या नात्यात निघालं. तिचं जातं ज्या घरात गेलं, त्या घरच्या पोराला हत्तीच्या त्या ओसरीवर पाठवायला मात्र आईचं मन होईना.

थोरला मुलगा तेवढा खाणीवर आला नव्हता. तो आला एका दुपारी, एकटाच, हातात फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन. आई खडकासमोर बसली होती. तो बाजूच्या दगडावर टेकला आणि तिचे हात बघू लागला. तिनेही हात थांबवले नाहीत.

"आई," तो म्हणाला, "ते स्वप्न अजून पडतं?"

"नाही रे. छिन्नी हातात घेतली त्या दिवसापासून एकदाही नाही."

"मग आता काय दिसतं?"

"काही नाही. आता मी नुसती झोपते."

मुलगा खाली बघत भाकरीची गाठ सोडत राहिला. ती काही सुटेना. तिच्याकडे न बघताच तो म्हणाला, "मला काय दिसतं, ते कोणी कधी विचारलंच नाही."

हलवाईणीचा हात थांबला. तीही त्याला पारावर झोपवून आली होती. हत्तीचे शब्द त्याच्याकडून तिनेच घोकून घेतले होते. तिने हातोडा खाली ठेवला, हात पदराला पुसले, त्याच्या शेजारी येऊन बसली आणि तिने विचारलं, "तुला काय दिसतं रे?"

बोध: जे स्वप्न मोडल्यावर उठवणाऱ्याचा राग येतो ते तुमचं, आणि जे मोडल्यावर नुसती जांभई येते ते दुसऱ्यांनी पढवलेलं.